नळीवरचा हात

बंदुकीवर कोणाचा तरी हात उमटला होता. आधी मला वाटलं, खिडकीच्या गजांची सावली असेल, म्हणून नळी उजेडात फिरवली. सावली हलली नाही. नळीच्या तोंडापासून वीतभर मागे चार तांबूस पट्टे, आणि पालथी केली तर दुसऱ्या अंगाला अंगठ्याचा एक, जाडसर. मी चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं. गंज होता, ताजा. बोटाला लावला तर विटेच्या भुकटीसारखा आला. संघपालचा फोन नुकताच येऊन गेला होता. संघपाल आमच्या ठाण्यातला हवालदार. निवडणूक लागली की परवानेवाल्यांच्या बंदुका जमा करून घ्यायचं काम त्याच्याकडे. "काका, आचारसंहिता लागली बरं. उद्या दुपारपर्यंत आणून द्या. तुमची तं काय, पाहाचं कामच नाही, आरशासारखी राहते," असं तो म्हणाला, आणि मी फुशारून कपाट उघडलं, तेल-फडकी काढली, मागच्या ओसरीत वर्तमानपत्र अंथरलं, आणि हे निघालं. दसऱ्याला मी ती स्वतः पुसून, पूजा करून ठेवली होती. म्हणजे दसऱ्यानंतर कोणीतरी माझं कपाट उघडलं होतं, उघड्या हाताने बंदूक धरली होती आणि न पुसता परत ठेवून दिली होती. घरात माणसं तीन. मी, माझा मुलगा चिन्मय, सून निवेदिता. त्यातला एक मी, आणि मी तर नव्हतो.

मला संशयी म्हणतात. म्हणोत. सबंध नोकरी कोर्टात मुद्देमालाच्या खोलीवर काढली, तिथे भोळा माणूस टिकत नाही. सुरा, कोयता, रक्ताची बंडी, सायकलची चेन, गावठी कट्टा, प्रत्येकाला चिठ्ठी, प्रत्येकाला सील. वस्तू बोलत नाही म्हणतात, पण ती माणसापेक्षा कमी खोटं बोलते एवढं मला त्या खोलीने शिकवलं. घरी आलो तरी ती नजर उतरायची नाही. साखरेच्या डब्याचं झाकण तिरपं दिसलं तरी कोण आलं होतं म्हणून विचारायचो. शकुंतला, माझी बायको, हसायची. "मीच खाल्ली साखर. लावा सील माह्या तोंडाले," म्हणायची. ती गेल्याला आता दीड वर्ष होत आलं. झाकण तिरपं असलं तर कोणाला विचारावं हा प्रश्नच राहिला नाही.

बंदूक माझ्या वडिलांची, उकंडरावांची. डोणगावला पोलीस पाटील होते. रानडुकरं पिकात शिरायची, म्हणून परवाना. जोडनळी, बारा बोअरची, त्यांनीही ती जुनीच घेतलेली. तिच्या पोलादावर निळसर काळी झाक आहे, कावळ्याच्या मानेवर उन्हात दिसते तशी. बंदूकवाले त्याला ब्लूइंग म्हणतात, वडील नुसतं 'नीळ' म्हणायचे. ही नीळ म्हणजे रंग नव्हे की वरून चढवलेला मुलामा नव्हे. ती पोलादाचीच पातळ कातडी, मुद्दाम आणलेल्या आणि तिथेच थोपवलेल्या गंजासारखी. म्हणून जे गंजाला खातं ते निळीलाही खातं. लिंबू, चिंच, गंज काढायची बाजारातली औषधं, सगळं वर्ज्य. हे ज्ञान आमच्या घराला फार वाईट रीतीने झालं. मी लहान असताना एका दसऱ्याला आईने देवाची भांडी घासायला काढली, आणि पूजेत बंदूकही असते, मग तिला काळी-काळी कशाला ठेवायची म्हणून समयांच्या बरोबरीने तिलाही चिंच आणि राख लावली. भक्तिभावाने घासली बिचारीने. मुठीजवळचा चार बोटं भाग समईसारखाच लख्ख पांढरा झाला. वडील घरी आले, पाहिलं, आणि आईला एक शब्द बोलले नाहीत. पण त्यानंतर बंदुकीला घरात दुसऱ्या कोणाचा हात लागला नाही. पांढरा डाग अजून आहे. त्या जागी मी दर वेळी तेलाचा हात जास्तीचा फिरवतो.

तर आता हा दुसरा डाग. मी बंदूक खाली ठेवली आणि हात लावायचा नाही असं ठरवलं. सवय. आधी पाहायचं, मग शिवायचं. पहिला संशय निवेदितावर गेला, हे कबूल करायला मला लाज नाही, सासऱ्याचा पहिला संशय सुनेवरच जातो. तिला बंदूक घरात नको आहे. लग्न होऊन आली तेव्हाच तिने चिन्मयला विचारलं होतं, "ही चालू आहे का खरंच?" जणू फ्रीज. कपाटाची किल्ली मी शकुंतलाच्या शिलाई मशीनच्या खणात, बॉबिनच्या डबीत ठेवतो, आणि मशीन पुसते निवेदिता. शिवाय मागच्याच आठवड्यात चिन्मय गॅलरीत फोनवर बोलत होता. मी आत पेपर वाचत होतो, म्हणजे पेपर समोर धरून ऐकत होतो. "बंदुकीचं काहीतरी करावं लागतं यार. बाबाले न सांगता," असं तो म्हणाला, आणि मग मी खोकललो, माझा खोकला नेमका नको तेव्हा येतो, आणि तो खालच्या आवाजात बोलायला लागला. तेव्हापासून मी त्या वाक्यावर बसलो होतो. बाबाले न सांगता. म्हणजे विकायची. परवाना सरेंडर करायचा. म्हातारा फिरायला गेला की गिऱ्हाईक आणून दाखवायची. तो हात मग गिऱ्हाइकाचाही असेल! कोणी तरी धामणगाव बढेचा, नाही तर कुठला, सोफ्यावर बसून, निवेदिताच्या हातचा चहा पिऊन, माझ्या वडिलांची नळी तोंडाशी धरून वजन पाहून गेला असेल.

"बाबा, चहा." निवेदिता ओसरीच्या दारात उभी. मी वर्तमानपत्राचं एक पान पटकन नळीवर ओढलं. कप घेताना मी तिचा हात पाहिला. लहान हात आहे तिचा, बोटं आखूड. पानाखालच्या पट्ट्यांवर तो बसला नसता. "बंदूक पुसताय?" तिने विचारलं. "हो. उद्या ठाण्यात द्यायची." "बरं झालं," ती म्हणाली, आणि आत गेली. बरं झालं! या दोन शब्दांवर मी अर्धा कप चहा थंड होईपर्यंत विचार केला. काय बरं झालं? पुसतोय ते, की घराबाहेर जाते ते?

मग मी पान बाजूला केलं आणि माझाच पंजा, स्पर्श न होऊ देता, त्या खुणेवर अधांतरी धरून पाहिला. खूण माझ्या पंजापेक्षा लांब होती. करंगळी तोंडाच्या बाजूला, तर्जनी मागे. बोटं नळीला गच्च वेढलेली. सहज टेकलेला हात नव्हे, जोर लावलेला. आणि तेव्हा पहिल्यांदा माझ्या ध्यानात आलं की ही जागाच चुकीची आहे. बंदूक तिथे कोणी धरत नाही. डावा हात नळीखालच्या लाकडाला असतो, उजवा मुठीवर. वजन पाहणारं गिऱ्हाईकही तिला मधोमध तोलेल. नळीच्या तोंडाशी, तेही एवढं घट्ट, कोण धरेल? मला उत्तर माहीत होतं, आणि ते मला माहीत आहे हेच मला नको होतं. मुद्देमालाच्या खोलीत एक बंदूक आली होती, एकनळी, साधीच. तिच्या तोंडाशी असाच हात होता, गंजाचा. त्या प्रकरणात आरोपी कोणीच नव्हता. ज्याचा हात तोच गेला होता. त्याचा बाप माझ्या टेबलासमोर येऊन उभा राहायचा आणि बंदूक परत मिळेल का असं न विचारता नुसतं त्या खोलीच्या दाराकडे बघायचा.

चहा तसाच ठेवला. ओसरीत ऊन होतं, बुलढाण्याचं दिवाळीनंतरचं गार ऊन, अंगावर असून नसल्यासारखं, आणि मला घाम फुटला. घाम! मी हात झटकन मागे घेतला. आणि घामावरून शकुंतला आली. तिच्या हाताने लोखंड गंजायचं. सगळ्यांच्याच हातांचा घाम थोडाबहुत खारट, पण काहींचा लोखंडाला खातोच. तिच्या सुया गंजायच्या, कात्री गंजायची, साडीची पिन दोन दिवसांत तांबडी. शिलाई मशीनच्या चाकाच्या चकचकीत कडेवर ती हात ठेवायची त्या जागी रोज संध्याकाळी लाली धरायची, आणि मी रोज जेवणाआधी तेलाचं बोट फिरवून ती पुसायचो. माहेर लोणारचं. मी चिडवायचो, "तुह्या हातात लोणारचं तळं हाय. खारं." ती म्हणायची, "मंग पुसत राह्या जन्मभर." बंदुकीला मात्र मी तिला हात लावू दिला नाही. दसऱ्याला ती हळदकुंकू फुलावर घेऊन लांबून टाकायची आणि फणकारायची, "तुमची बंदूक काय सोवळ्यात हाय का?" चेष्टाच होती. पण प्रत्येक दसऱ्याला तीच चेष्टा करणाऱ्या बाईला आत काही टोचत असेल, हे मला ती गेल्यावर सुचलं.

आणि असा हात घरात आता एकाचाच आहे. मी ते इतका वेळ टाळत होतो. शाळेत चिन्मयच्या कंपासपेटीतला कर्कटक महिन्यात गंजायचा आणि मी त्याला रागवायचो की पाण्यात टाकतोस का. शकुंतला मध्ये पडायची: "त्याले नका बोलू. हात माहा हाय तो." लांब बोटं तिची, घाम तिचा. गिऱ्हाईक नव्हतं, चोर नव्हता. माझ्या मुलाने माझ्या पाठीमागे कपाट उघडून बंदूक बाहेर काढली होती आणि तोंडाशी धरली होती. आणि एकदाच नव्हे. मागच्या निवडणुकीनंतर बंदूक ठाण्यातून परत आली आणि काही दिवसांनी पाहिली, तेव्हाही याच जागी लाली होती. धूसर, आकार नसलेली. मी ठाण्यात जाऊन संघपालशी भांडलो होतो, तुमच्या खोलीला ओल आहे म्हणून. तो बिचारा माफी मागत होता.

त्यानंतर मी जे केलं त्याला विचार म्हणता येणार नाही. मी पुरावा गोळा करत गेलो, फक्त आता आरोपीला सोडवण्यासाठी. चिन्मय जेवतो नीट? नाही, ताटात चिवडत बसतो. झोपतो? डोळ्यांखाली काळं आलंय. कॉलेजात शिकवतो, तिथलं काही सांगत नाही. पण आधी तरी कुठे सांगत होता? मी विचारलं तर ना. रविवारी तो घरातून हलत नाही, मित्रांकडे जात नाही, मी फिरून येईपर्यंत बाहेरच्या खोलीत बसून असतो, आणि मी आलो की माझ्या तोंडाकडे बघतो. चोरासारखा बघतो असं मी इतके दिवस समजत होतो. त्या बापासारखं मला कोणाच्या तरी टेबलासमोर उभं राहावं लागेल, असं एकाएकी वाटलं. त्यातही गंमत पाहा, मुद्देमालवाला माझ्यात जागाच होता. म्हणत होता, पुसू नकोस. पुसलंस तर पुरावा गेला. आणि दुसरा कोणी तरी म्हणत होता, पूस लवकर, नाही तर उद्या संघपाल बघेल, तोही पोलीस आहे, त्यालाही हात वाचता येतो.

शेवटी हातांना काम दिलं. बंदूक उघडून काडतुसांची दोन्ही घरं रिकामी आहेत हे पाहिलं. पुसण्याआधी हे पहिलं, कितीही माहीत असलं तरी. नळी सुटी केली, आतून उजेडाकडे धरून पाहिली. जुन्या धोतराच्या फडक्यावर मशीनचं पातळ तेल घेतलं, शकुंतलाच्याच बाटलीतलं, आणि पट्ट्यांवर ठेवून दिलं. घासायचं नाही. तेलाला गंजाच्या खाली शिरायला वेळ द्यायचा. मग सगळ्यात बारीक तारेची लोकर, स्टील वूल म्हणतात ती, तेलात भिजवून, वजन न टाकता, नळीच्या लांबीने फिरवायची. हट्टी ठिपका राहिला तर तांब्याच्या ढब्बू पैशाची कड, कारण तांबं मऊ, ते गंज उचलतं आणि निळीला ओरखडा देत नाही. फडकं तांबडं होईल, बदलायचं. तांबडं यायचं थांबलं की थांबायचं. ज्याला थांबता येत नाही त्याने निळीला हात लावू नये, असं वडील म्हणायचे. करंगळी निघाली. खाली नीळ शाबूत होती. मला एवढं बरं वाटलं की डोळे भरून आले, आणि त्याच भरल्या डोळ्यांनी वर पाहिलं तर चिन्मय दारात उभा होता, पाठीवरची बॅगही न काढता.

त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. त्याने आधी बंदुकीकडे पाहिलं, मग माझ्या हाताकडे, मग वर्तमानपत्रावर अजून काय काय आहे ते भराभर पाहिलं. बाटली, फडकी, पैसा. मग श्वास सोडला. "ठाण्यात द्याची हाय का? निवेदितानं फोन केलता," तो म्हणाला. तिने फोन केला होता. म्हणजे तो धावत आला होता. माझ्या मनाने लगेच नोंद घेतली: कटात दोघं.

"चिन्मय," मी म्हणालो, "हा हात कोणाचा हाय?"

तो वाकला. तीन बोटं अजून होती. त्याने स्वतःचा पंजा पाहिला, मग नळी. मला वाटलं नाही म्हणेल. म्हणाला, "माहा."

"कपाट काऊन उघडलं?"

त्याने बॅगेचा पट्टा खांद्यावर सारखा केला. मग मी जे विचारायचं नाही असं ठरवलं होतं ते विचारलं. "बापाले सांग लेका. काही असंन तं सांग. नोकरीचं असो, घरचं असो. मले कळलं नाही, माही चूक. पण असं… तोंडाशी धरून…"

कळायला त्याला वेळ लागला. मग मटकन समोर बसला, बॅगेसकट. "मी? बाबा, तुम्हाले वाटलं मी?"

"मंग कोण?"

"मी पाहून राह्यलतो," तो म्हणाला, "की रिकामी हाय का. तुम्ही फिरायले गेले की दर रविवारी पाहतो. लय टाइट हाय ती, उघडतच नाही, समोरून दाबा लागते." त्याने हवेत दाखवलं: एका हाताने मूठ पोटाशी, दुसऱ्याने तोंडाशी धरून खाली जोर. उघडायची ती पद्धत नव्हे. मुठीवरची कळ अंगठ्याने पूर्ण बाजूला दाबली की नळी आपल्याच वजनाने वाकते. पण हे त्याला कोणी सांगायचं? घरात सांगणारा एकच होता.

"रिकामीच राहते ती. काडतुसं वेगळी हायेत."

"कुठं हायेत?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि मला आठवेना. माळ्यावर? ट्रंकेत? "मी मागच्या वर्षीच नेऊन जमा केली," चिन्मय म्हणाला. "तुम्हाले पत्ताच नाही."

साखरेचं झाकण तिरपं दिसणाऱ्या माणसाला वर्षभर पत्ता नव्हता. "मले पत्ता नाही म्हंजे मी कधी पाह्यलंच नाही तिकडं. मंग तू कायले पाहत राह्यला?"

"काडतुसं दुकानात भेटतात ना, बाबा," तो म्हणाला. खाली मान घालून, आईसारखा एका हाताची बोटं दुसऱ्या हाताने चोळत. "आई गेली तवा तेराव्याले तुम्ही सगळ्याइसमोर म्हणले, आता आपलं काय काम उरलं. आन् मंग दुसऱ्या दिवशी बंदूक घेऊन बसले पुसत. दुपारभर. हाक मारली तं ओ नाही देल्ली. मी दारातच होतो, इथंच."

तेराव्याला तसं सगळेच म्हणतात. मी तेच सांगणार होतो. पण ती दुपार मला आठवली. बंदूक पुसायला झालेली नव्हती. एकही डाग नव्हता आणि मी पुसत होतो, आणि पुसून झाल्यावर काय करायचं हे मला सुचत नव्हतं म्हणून पुन्हा पुसत होतो. मनात काही आलंच नाही असं मी म्हणणार नाही. माझ्या पाठीमागे कोणी उभं आहे, हे मला त्या दुपारी कळलं असतं तर. दीड वर्ष हा मुलगा माझ्यावर पहारा देत होता, आणि मी त्याच्यावर. तो माझं तोंड बघत होता आणि मी त्याचे हात. शकुंतला असती तर दोघांनाही सील लावलं असतं तिने.

निवेदिता आतल्या दाराशी येऊन उभी होती. माझा थंड चहा उचलून घेऊन गेली, आणि आत गॅस पेटल्याचा आवाज आला.

"विकाची होती का मंग?" मी विचारलं. विचारायला काही तरी हवं होतं. "फोनवर म्हणून राह्यलता तू."

"संघपाललेच विचारून राह्यलतो. ठाण्यातच ठेवता येते का म्हणून."

मी नळी उचलली. उरलेली तीन बोटं आणि अंगठा तेलाखाली काळपट दिसत होते. नळी बंदुकीत बसवली, खालचं लाकूड लावलं, बंद केली, आणि ती सगळीच्या सगळी त्याच्यासमोर धरली. त्याने हात मागे घेतले, पँटला पुसले. पुसून काही उपयोग नसतो त्या हातांना, हे मला त्याच्या आईपासून माहीत आहे.

"गंजंन ना," तो म्हणाला. "फडकं द्या."

"फडकं नको. कुठं धराचं ते दाखवतो. हा हात इथं, लाकडाखाली. हा मुठीवर. अंगठ्यानं कळ दाब, पुरी. आता सोड." बंदूक हलकेच वाकून उघडली, जोर न लावता, आणि दोन रिकाम्या घरांतून पलीकडचं ऊन आलं. त्याचा उजवा पंजा नेमका त्या पांढऱ्या डागावर होता, जिथे आजीने चिंच लावली होती. त्याने तो दचकून काढायला घेतला. मी वरून माझा हात दाबला.

"धर," मी म्हणालो. "पुसायले मी हावो ना अजून."